टाकीमागच्या बरण्या

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी तीन दिवस अबोला होता. कारण सांगताना आज थोडी लाज वाटते. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे आमच्या मुलीने चार काचेच्या बरण्या लपवून ठेवल्या होत्या. तोंडाला मच्छरदाणीचे कापड, आत कढीपत्त्याची पाने आणि पानांवर हिरवेगार सुरवंट. दादींनी ते पाहिले आणि घर डोक्यावर घेतले. आम्ही दोघांनी वर जाऊन बरण्या गटारात रिकाम्या केल्या, गच्ची फिनेलने धुतली आणि तिला सुनावले, "दहावीचं वर्ष आहे, किडे पाळायचे दिवस नाहीत हे!" का पाळलेस, एवढे मात्र विचारले नाही. वर्गात मुलांना 'प्रश्न विचारा' असे रोज सांगणारे आम्ही, घरात प्रश्न विचारायला विसरलो.

ती रडली नाही, भांडलीही नाही. चौथ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर लॅपटॉप घेऊन आली. "अम्मी, अब्बा, दोन तास बसाल माझ्याजवळ?"

चित्रपट जपानी होता, 1984 सालचा. हायाओ मियाझाकी यांचा 'नाउसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड'. कार्टून म्हणजे लहान मुलांचे काम, अशा समजुतीने आम्ही बसलो. पडद्यावर मात्र उजाड झालेली दुनिया होती. सात दिवसांच्या अग्नियुद्धात माणसांची मोठी संस्कृती जळून गेली, त्याला हजार वर्षे लोटली आहेत. जमिनीवर बुरशीचे विषारी जंगल पसरत चालले आहे. त्यात मुखवट्याशिवाय श्वास घेता येत नाही आणि ओमू नावाचे डोंगराएवढे किडे त्याची राखण करतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे एक दरी तेवढी वाचली आहे. तिथल्या सरदाराची सोळा वर्षांची मुलगी म्हणजे नाउसिका.

सुरुवातीला आम्हाला खटकले. कयामतचे ज्ञान फक्त अल्लाहला आहे, मग या गोष्टी कशाला? पण बघता बघता कळले की ही कयामतची गोष्ट नाहीच. माणसाने आपल्या हाताने केलेल्या नासाडीची, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांची ही गोष्ट आहे.

नाउसिकाचे वडील त्याच विषाने अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या आणि सगळ्यांच्या आजारावर इलाज सापडावा म्हणून ती वाड्याच्या तळघरात, कोणाला न सांगता, त्या जंगलातली रोपे वाढवते. खोल विहिरीचे स्वच्छ पाणी आणि स्वच्छ माती मिळाली की ती रोपे विषारी राहत नाहीत. विष झाडांत नव्हते, मातीत होते. पुढे उलगडते की ते जंगल माणसांनी नासवलेली जमीन शुद्ध करत होते. मियाझाकींनी या कल्पनेमागे जपानच्या मिनामाता उपसागराची आठवण असल्याचे सांगितले आहे. तिथे कारखान्याचा पारा समुद्रात गेला, मासे खाणारी कुटुंबे पंगू झाली. त्या आजाराची अधिकृत नोंद 1956 ची.

वडिलांना शत्रूचे सैनिक मारतात, तेव्हा संतापाच्या भरात नाउसिकाच्या हातूनही माणसे मरतात. नंतर त्याच तळघरात ती रडते, कारण तिला स्वतःच्या रागाची भीती वाटते. रोपांचे पाणीही तिने तोडलेले असते. वाटले, मूल मोठे होते ते या क्षणी. शत्रूला हरवल्याने नव्हे, स्वतःचा राग ओळखल्याने.

एका दृश्यात तिला बालपण आठवते. झाडाखाली उभी असलेली छोटी नाउसिका ओमूचे पिल्लू पाठीमागे लपवते. मोठी माणसे येतात. किडा आणि माणूस एकत्र राहू शकत नाहीत, असे वडील सांगतात आणि मोठमोठे हात ते पिल्लू उचलून नेतात. मारू नका, म्हणून ती विनवते.

इथे आमच्या मुलीने चित्रपट थांबवला. बोलली काहीच नाही. आम्हाला आमचेच हात दिसले आणि फिनेलचा वास आला.

त्या रात्री आम्ही तिची माफी मागितली आणि जे आधी विचारायला हवे होते ते विचारले. ती सांगत गेली. हे फुलपाखराचे सुरवंट, अंगावर केस नसलेले, त्यांनी खाज सुटत नाही. लहान असताना ते पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात, म्हणजे कोणी खाऊ नये. तिने वहीत तारखा घालून चित्रे काढली होती. इतका नेटका प्रकल्प आमच्या शाळेत क्वचितच पाहायला मिळतो.

चित्रपट संपतो तेव्हा जंगलाखालच्या स्वच्छ वाळूत नाउसिकाची टोपी पडलेली दिसते आणि शेजारी एक हिरवा कोंब. प्रेषितांची (स.) ती हदीस आठवली, जिचा आशय असा की कयामत येऊन ठेपली आणि हातात रोपटे असले, तर शक्य असेल तर ते लावून टाका. लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या रात्री नव्याने ऐकली.

आई-वडिलांना एवढेच सांगावेसे वाटते की मुलांनी लपवलेले काही सापडले, तर फेकण्याआधी एकदा विचारा. सगळेच ठीक असेल असे नाही. पण विचारल्याशिवाय ते कळणारही नाही.

आता बरण्या टाकीमागे नसतात, स्वयंपाकघराच्या खिडकीत असतात. परवा एक कोष फुटला. दादींनी तस्बीह बाजूला ठेवून फुलपाखराचे ओले पंख सुकेपर्यंत पाहिले आणि "सुब्हानल्लाह" म्हटले. मग विचारले, "दुसरं कधी निघणार गं?"