अदिसमार्गे अक्रा

दादाने तिकिटाचा पर्याय पाठवला तो ऑगस्ट २०१९मध्ये. मुंबई–अदिस अबाबा–अक्रा, इथिओपियन एअरलाइन्स. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये या कंपनीचं नैरोबीला निघालेलं विमान अदिसहून उडाल्यावर सहा मिनिटांत कोसळलं होतं. १५७ माणसं गेली, त्यांत भारतीयही होते. बातमी घरात सगळ्यांनी पाहिलेली. त्यामुळे तिकिटाचा विषय निघताच काकांनी पहिला बार उडवला, “चार पैसे वाचवायला वहिनींना त्या विमानात घालणार?”

वहिनी म्हणजे माझी आई. वय सत्तरीपार. दादा घानात तेमाच्या एका कारखान्यात नोकरीला, डिसेंबरात माझ्या वहिनीचं बाळंतपण. आई जाणार हे ठरलेलंच होतं, सोबत मी. प्रश्न फक्त कशाने जायचं एवढाच होता, आणि घरातल्या प्रत्येकाकडे एकच उत्तर होतं, दुबईवरून जा. भाडं बरंच जास्त होतं, पण “नावाजलेली कंपनी आहे” म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नव्हतं.

खरं सांगायचं तर भीती फक्त अपघाताची नव्हती. इथिओपिया म्हटलं की आमच्या पिढीला आठवतात ती १९८४-८५च्या दुष्काळातली माणसं. त्या देशाची स्वतःची विमान कंपनी असेल, आणि ती चांगली असेल, हे डोक्यात बसत नव्हतं. म्हणून मी आधी तारखा पाहिल्या. इथिओपियन एअरलाइन्स डिसेंबर १९४५मध्ये स्थापन झाली, सम्राट हैले सेलासींच्या काळात, अमेरिकेच्या टीडब्ल्यूए कंपनीच्या मदतीने. एप्रिल १९४६मध्ये तिचं पहिलं विमान कैरोला गेलं. काकांची लाडकी एमिरेट्स जन्मली १९८५मध्ये. स्टार अलायन्स या जागतिक गटात इथिओपियन २०११मध्ये गेली, आपली एअर इंडिया २०१४मध्ये. हे मी जेवताना वाचून दाखवलं. काका म्हणाले, “जुनी आहे म्हणजे विमानंही जुनी असतील.” मग बोईंगचं नवं ड्रीमलायनर विमान जपानबाहेर सगळ्यात आधी यांनीच घेतलं हेही वाचून दाखवलं. त्यावर काकांनी आमटी मागितली.

कंपनी सुरक्षित आहे का, असं थेट विचारून काही हाती लागत नाही. जो तो आपल्या अनुभवाचं सांगतो, आणि ज्याचा प्रवास बरा झाला त्याच्या लेखी कंपनी बरी. म्हणून मी पडताळून बघता येईल तेवढंच बघायचं ठरवलं. युरोपीय संघ २००६पासून एक यादी काढतो, त्यांच्या आकाशात कुणाला बंदी आहे त्याची. नेपाळच्या सगळ्या कंपन्या २०१३पासून त्या यादीत होत्या, इथिओपियाची नव्हती. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं सुरक्षा ऑडिट असतं, कोणाकडे ते आहे हे कुणालाही पाहता येतं, इथिओपियनकडे होतं. अमेरिकेची एफएए ही संस्था कंपन्यांना नव्हे तर देशांच्या नियामकांना श्रेणी देते. इथिओपिया पहिल्या श्रेणीत. आणि हे शोधताना एक भलतीच गोष्ट सापडली. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१५ या काळात भारतालाच त्यांनी दुसऱ्या श्रेणीत ढकललं होतं. तेव्हा आम्ही सगळे बिनघोर उडत होतो. कुणाच्या मनाला काही शिवलंही नव्हतं.

मार्चच्या अपघाताचं मात्र नीट वाचावं लागलं. विमान बोईंग ७३७ मॅक्स, जेमतेम चार महिने जुनं. समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन किती आहे ते मोजणारे दोन सेन्सर नाकाजवळ असतात, पण मॅक्समधली नवी स्वयंचलित यंत्रणा एका वेळी एकाचंच ऐकायची. त्या एकाने चुकीचा आकडा दिला, आणि यंत्रणा विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिली. ऑक्टोबर २०१८मध्ये इंडोनेशियात लायन एअरचं विमान असंच समुद्रात गेलं होतं, १८९ माणसांसह. दुसऱ्या अपघातानंतर जगभर मॅक्स विमानं जमिनीवर उभी राहिली. आम्ही जाणार त्या नोव्हेंबरात कुठलीच कंपनी प्रवासी घेऊन ती उडवत नव्हती. २०१०मध्ये बैरुतजवळ इथिओपियनचं विमान समुद्रात कोसळून ९० जण गेले होते. त्याचा ठपका लेबननच्या चौकशीत वैमानिकांवर आला, आणि कंपनीने तो मानला नाही. हे मला खटकलं, अजूनही खटकतं. पण शंभर-सव्वाशे विमानं रोज उडवणाऱ्या कंपनीचा हिशोब एका अपघातावरून मांडायचा, तर आपल्या ओळखीच्या किती कंपन्या शिल्लक राहतील?

शेवटी पारडं झुकलं ते साध्या गोष्टींनी. सामान, प्रत्येकी तेवीस किलोचे दोन नग. बाळंतिणीसाठी आळीव, डिंक, खारीक, भाजणी, बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं हे सगळं त्यात बसत होतं. दुसरं, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर. एका एजंटने याहून स्वस्त दोन वेगवेगळी तिकिटं सुचवली होती. त्यात पहिलं विमान उशिरा आलं की दुसऱ्याचे पैसे बुडाले, बॅगाही मधे उतरवून घ्यायच्या. एका तिकिटावर मात्र पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी कंपनीची. सत्तरीची बाई बरोबर असताना हा फरक अपघाताच्या आकडेवारीपेक्षा मोठा असतो, असं माझं मत आहे.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त सर राहतात. सम्राटाच्या काळात भारतातून बरेच शिक्षक इथिओपियात गेले, त्यांतले ते. त्यांना विचारायला गेले तर विमानाबद्दल ते दोन वाक्यं बोलले, “चांगलं असतं. आमच्या वेळीही त्या लोकांना देशातल्या दुसऱ्या कशापेक्षा विमानाचा अभिमान जास्त.” बाकी तासभर घड्याळाबद्दल. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. “गावात कुणी भेटायची वेळ दिली तर विचारून घ्या, कुठल्या घड्याळाने. विमानतळावर भिऊ नका, तिथे आपलंच.”

तिकीट काढलं. आणि खरी विचार करण्यासारखी गोष्ट तेव्हा समोर आली.

घानात उतरायचं तर पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखला लागतो, आणि तिथून भारतात परतताना आपल्याकडेही तो बघतात. नसला तर विलगीकरण. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते केंद्रावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांमध्ये गंभीर त्रासाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. धोका लहानच, पण आहे. काही कारण असेल तर सूट देणारं पत्र मिळतं, पण मग या तापाचा विषाणू असलेला डास चावला तर संरक्षण नाही. घरातल्या कुणीही, काकांसकट, हा प्रश्न विचारला नव्हता. महिनाभर आम्ही विमानाच्या नाकावर भांडत होतो.

डॉक्टरीणबाईंनी यादी काढली. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं? नाही. थायमस ग्रंथीचा आजार? नाही. कर्करोग? नाही.

“अंड्याची ॲलर्जी आहे का?”

“मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही,” आई म्हणाली. “मला काय ठाऊक?”

लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून विचारलं, असं त्यांनी समजावलं. आई गप्प. मला वाटलं आता बेत फिसकटला. पण ती म्हणाली, “केक खाल्लेत मी, मुलांच्या वाढदिवसाला. त्यात असतं ना? काही झालं नाही.” आणि बाही वर केली. अर्धा तास तिथे बसवून ठेवलं, मग दाखल्याचं पिवळं पुस्तक हातात दिलं. रात्री थोडी कणकण, बास.

विमानाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, ही त्याची तारीफच. मुंबईहून निघालेल्या गर्दीत उपचार आटोपून घरी परतणारे आफ्रिकी रुग्ण बरेच होते, कुणाच्या पायाला प्लास्टर, कुणाच्या मांडीवर एक्स-रेचं भलंमोठं पाकीट. अदिसला उतरल्यावर आईला चढ चढल्यासारखी धाप लागली. विमानतळच २,३०० मीटरवर, महाबळेश्वराच्या दीडपटीहूनही उंच. तिथे एका कोपऱ्यात जमिनीवर हिरवं गवत पसरून एक बाई कॉफीच्या बिया भाजत होती, धूप घातलेला, बिनकानाचे इवलेसे कप. नाताळापूर्वीचे त्यांचे उपवास सुरू झालेले, त्यात मांस-अंडी नाहीतच, दूधतूपही नाही. त्यामुळे ताटात सगळं शाकाहारी. इंजेरा, म्हणजे त्यांची आंबोळीसारखी भाकरी, आणि त्यावर हरभऱ्याच्या पिठाचा शिरो. आईने बोट बुडवून चाखलं, “हे तर पिठलंच. लसूण जरा जास्त झालाय.” आणि ताट संपवलं.

अक्राकडे निघालेलं विमान धावपट्टीवर धावतच राहिलं, धावतच राहिलं. उंचावर हवा विरळ, पंखाखाली पुरेसा जोर यायला वेग जास्त लागतो, हे मी वाचलेलं होतं. तरी हाताने खुर्ची घट्ट धरली. आई शेजारच्या बाईच्या बाळाशी मराठीत बोलत होती. अक्राला आरोग्य खात्याच्या खिडकीत पिवळं पुस्तक मागितलं, शिक्का पाहिला, पुढे जा म्हणाले.

मागच्या वर्षी मामी घानाला निघाली. आईला फोन आला, “ते इथिओपियाचं विमान बरं आहे का हो, वन्सं?”

“विमानाचं नंतर बघू,” आई म्हणाली. “तुला अंडं चालतं का, ते आधी सांग.”