वाचलेला कोड, न वाचलेला कोड

तांत्रिक तपशील कमी ठेवा, असं संपादकांनी बजावलं आहे. प्रयत्न करतो. पण २०२४ च्या मार्चमधलं ‘एक्सझेड’ प्रकरण तपशिलाशिवाय कळत नाही, आणि ते न कळताच लोक आम्हा मेंटेनरांना, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांना, बोल लावतात.

मी एक लहानशी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळतो, नोकरीनंतरच्या वेळात. कुणीही पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, पाठवतं. तो वाचायचा, शंका विचारायच्या, चाचण्या मागायच्या, पटला तरच मूळ कोडमध्ये मर्ज करायचा. पाठवणारा बहुधा पुन्हा फिरकत नाही. पुढे तो कोड निस्तरायचा मीच, म्हणून बऱ्याचदा नाही म्हणावं लागतं.

एक्सझेड हे साधन फाइल्स दाबून लहान करतं. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये ते असतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते विनामोबदला सांभाळत होता. २०२१ पासून ‘जिआ टॅन’ या नावाने नेटके पॅच येऊ लागले. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कॉलिनमागे तगादा लावला: काम रेंगाळतंय, दुसऱ्याला अधिकार द्या. हळूहळू ते टॅनला मिळाले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा शिरला. दूरच्या संगणकावर एसएसएचने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या अभियंत्याला खटकलं. तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं.

‘कोड सगळ्यांसाठी खुला, मग कुणाला दिसलं कसं नाही?’ या प्रश्नाची मला चीड येते. घातक भाग वाचण्याजोगा नव्हताच. तो चाचणीसाठीच्या बायनरी फाइल्समध्ये दडवला होता. तिथून काढून बिल्डमध्ये मिसळणारी एम-फोर स्क्रिप्ट तर गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद जिथे राहते तिथे, नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात, होती. रिव्ह्यू होतो गिटमधल्या बदलांचा, आणि पॅकेजेस बांधली जात होती टारबॉलवरून! ही दोन्ही ताडून पाहायची कुणी? मेंटेनर पॅकेज बांधणाऱ्याकडे बोट दाखवतो, तो मेंटेनरकडे. माझं मत ठाम आहे: टारबॉल मेंटेनरच्या लॅपटॉपवर बनूच नये. तो गिटमधून, यंत्राने, कुणालाही पुन्हा बनवून पाहता येईल असा बनावा. बिल्डची कॉन्फिगर स्क्रिप्टही पूर्वीपासून मेंटेनरकडेच बनून टारबॉलमध्ये जाते, असं माझे काही जाणते मित्र सांगतात. बनते खरी, पण तिच्या हजारो ओळी वाचतो कोण?

एक गोष्ट मात्र रिव्ह्यूत सापडू शकली असती. सीमेक या बिल्डच्या साधनाच्या फाइलमध्ये एका ओळीवर एकटाच ठिपका होता. त्यामुळे लँडलॉक या सुरक्षा व्यवस्थेची तपासणी कंपाइल होईना आणि संरक्षण गुपचूप बंद राहिलं. तो ठिपका दिवसभराच्या नोकरीनंतर माझ्या नजरेला पडला असता का? खात्रीने सांगता येत नाही.

चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ आवृत्ती मेच्या अखेरीस कॉलिननेच काढली. तसं करायला तो बांधील नव्हता: आमच्या परवान्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं की कसलीही हमी नाही. ज्या कंपन्यांचा धंदा या कोडवर चालतो, त्यांनी आठवड्यातून एक दिवस आपला एक अनुभवी अभियंता पगारी वेळेत रिव्ह्यूला बसवावा, ही माझी मागणी आहे. आलेले पॅच त्याने माझ्याबरोबर वाचावेत, टारबॉलसुद्धा.