मंडीच्या डोंगरांतून : भाग ३ – रिवालसर

सोमवार

मंडीहून रिवालसर पंचवीसेक किलोमीटर. बस चढणीला लागली की बियास नदी मागे राहते आणि डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेतं सुरू होतात. गाव सुमारे १,३६० मीटर उंचीवर. तलाव एवढासा, की रमतगमत फेरी मारायलाही पाव तास पुरतो. पण तेवढ्या काठावर बौद्ध गोम्पा आहेत, गुरुद्वारा आहे, लोमश ऋषींचं आणि महादेवाचं मंदिर आहे.

संध्याकाळी तिबेटी आजीबाईंच्या मागोमाग प्रदक्षिणेला निघाले. एकीच्या उजव्या हातात मणिचक्र होतं. त्याच्या साखळीला छोटंसं वजन लावलेलं असतं. मनगट जेमतेम हललं तरी चक्र फिरत राहतं. डाव्या हाताचा अंगठा जपमाळेवर. शेजारणीशी गप्पा रंगल्या होत्या, पण चक्र थांबलं नाही की माळ अडली नाही.

ही मंडळी या तलावाला त्सो पेमा म्हणतात. आठव्या शतकात तिबेटात बौद्ध धर्म रुजवणारे गुरू पद्मसंभव यांना इथल्या राजाने चितेवर चढवलं. राजकन्या मंदारवा त्यांची शिष्या झाली, हा त्याचा राग. त्या आगीचंच तळं झालं आणि गुरू कमळावर बसलेले दिसले, अशी कथा आहे.

मंगळवार

सकाळी पद्मसंभवांच्या मूर्तीपाशी गेले. साडेसदतीस मीटर उंच. १ एप्रिल २०१२ रोजी दलाई लामांच्या हस्ते प्रतिष्ठापना झाली. पायथ्याशी उभं राहून मान वर केली तरी चेहरा नीट दिसत नाही. तो पाहायचा तर तलावाच्या पलीकडच्या काठावर जावं. तिथून वरच्या डोंगरातल्या गुहांकडे गेले. तिथे आजही भिक्षुणी साधना करतात. आत तुपाच्या दिव्यांचा वास आणि काजळी धरलेला खडक. फार वेळ थांबले नाही. कुणाच्या साधनेत आपली लुडबुड नको.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगर. गुरू गोविंदसिंग १७०१ मध्ये इथे आले होते असं मानतात. मोगलांविरुद्ध पहाडी राजांची एकजूट करायची होती. ती झाली नाही. पुढे १७०८ मध्ये त्यांनी देह ठेवला तो आपल्या नांदेडला. शिवाय ज्या ग्रंथसाहिबापुढे सगळे माथा टेकत होते, त्यात आपल्या नामदेवांची पदं आहेत. पंगतीत बसताना मला परकं वाटलं नाही ते यामुळे.

बुधवार

आज बराच वेळ माशांपाशी गेला. इथे मासेमारी नाही, मासे पवित्र. घाटाच्या पायरीवर मूठभर मुरमुरे पडले, की पाणी दिसेनासं होतं. एकमेकांच्या पाठीवर चढणारे कार्प मासे आणि त्यांची गोल, पांढरट, उघडी तोंडं. एका लहान मुलीने बिस्किटांचा अख्खा पुडा रिता केला. तिची आजी म्हणाली, “घाल बाळा, पुण्य लागतं.”

माशांनी खाऊन उरलेलं तळाशी जातं, कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. भोवतालच्या उतारांवरून गाळ येतो, वस्तीचं सांडपाणी येतं. या तलावात एकाच वेळी ढिगाने मासे मेल्याचे प्रसंग घडले आहेत. ज्यांना देव मानून खाऊ घालायचं, त्यांचाच श्वास त्या खाऊने कोंडावा, हे मला सहन होत नाही. तीन धर्मांच्या लोकांनी हा काठ भांडणतंटा न करता वाटून घेतला आहे. पाणी राखायलाही त्यांनी तसंच एकत्र यायला हवं. आपल्यासारख्या पाहुण्यांना एवढं सहज जमेल: मुरमुऱ्यांची मूठ टाकू नये, त्याऐवजी एक प्रदक्षिणा जास्त घालावी. पुण्य कमी पडणार नाही.

उद्या मंडीमार्गे पराशरला. तलावच, पण २,७०० मीटरच्या वर. काठावर देवदारी लाकडाचं पॅगोडा पद्धतीचं देऊळ. त्याविषयी पुढच्या भागात.