भिंतीकडेचा वाफा

मास्तरकीच्या पेशांत माणसाला दोन संवयी हटकून जडतात. एक, दुसऱ्याच्या चुका तांबड्या शाईनें दाखविण्याची. आणि दुसरी, स्वतःची चूक सहसा कबूल न करण्याची. पहिली निवृत्तीबरोबर आपोआप सुटते, कारण तपासावयास वह्याच उरत नाहींत. दुसरी सुटण्यासाठीं मला फुलझाडांचा एक वाफा लावावा लागला. त्याचीच हकीकत आज वाचकांस सांगणार आहें.

आमचें घर साताऱ्यास आहे. सन २०१६ सालीं मी शाळेंतून निवृत्त झालों. त्याच वर्षीं चिरंजीवांनीं अंगणाची पडकी भिंत नव्यानें बांधून घेतली, आणि भिंतीच्या आंतल्या अंगास तीस फूट लांब व चार फूट रुंद अशी जमिनीची पट्टी मोकळी राहिली. सिमेंटचीं ढेकळें, विटांचे तुकडे आणि मुरूम यांनीं ती भरलेली होती. देवपूजेचीं फुलें विकत आणावीं लागूं नयेत, अशी आमच्या कुटुंबाची फार दिवसांची इच्छा. चिरंजीव म्हणाले, "बाबा, माळ्याला सांगून एका दिवसांत सगळें लावून टाकूं." परंतु निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या हौसेसाठीं मुलापुढें हात पसरणें जड जातें. मीं सांगितलें, "हा वाफा माझा, आणि त्याचा खर्चहि माझा."

या अभिमानाच्या भरांतच पहिली चूक झाली. पुढल्या वर्षीं ऐन चैत्रांत मी रोपवाटिकेंत गेलों आणि साठ रुपयांस एक या दरानें चोवीस रोपें घेऊन आलों. एक हजार चारशें चाळीस रुपये एका सकाळींत खर्च झाले. रिकामी जागा डोळ्यांस खुपत होती, म्हणून रोपें अगदीं दाटीनें लावलीं. आठ दिवस वाफा लग्नमंडपासारखा शोभला. मग उन्हाचा तडाखा सुरू झाला, आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत चोविसांपैकीं नऊच रोपें जिवंत राहिलीं. जमीन तयार न करतां भर उन्हाळ्यांत रोपें लावणें म्हणजे मुळाक्षरें न शिकवितां मुलाच्या हातीं रघुवंश देणें होय. विद्यार्थ्याच्या बाबतींत हें मला चांगलें ठाऊक होतें. झाडांच्या बाबतींत पैसे भरून शिकावें लागलें.

त्यानंतर मीं दरमहा शंभर रुपयांची मर्यादा घालून घेतली. पहिल्या चार महिन्यांत एकहि रोप आणलें नाहीं. सारे पैसे शेणखतांत घातले. वाफा हातभर खोल खणला, खडे वेंचले, पालापाचोळा मिसळला. आषाढांत शेजारीं जास्वंदीची छाटणी चालली होती. टाकून दिलेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाड आणि वीतभर लांब अशा दहा काड्या मागून आणल्या, खालचीं पानें काढलीं, आणि दोन-दोन डोळे मातींत जातील अशा तिरप्या खोंचल्या. दहांपैकीं सहा जगल्या. त्या भिंतीलगत पांच-पांच फुटांवर लावतांच मागची सबंध रांग एक पैहि न खर्चितां भरली.

मधल्या रांगेसाठीं, वांचलेल्या नऊ रोपांत एक मोगरा होता, त्याचा उपयोग झाला. त्याच्या खालच्या दोन फांद्या वांकवून, सालीस किंचित् चीर देऊन मातींत दाबल्या व वर दगड ठेवले. पावसाळा संपतां संपतां त्यांना मुळें फुटलीं आणि एका मोगऱ्याचे तीन झाले. निशिगंधाचे कांदे एका स्नेह्यांनीं दिले, शेवंतीचे फुटवे दुसऱ्यांनीं. पुढच्या रांगेंत दसऱ्याच्या तोरणांतील झेंडू वाळवून त्याचें बीं टाकलें. तेरडा मात्र जेथें जागा दिसेल तेथें पेरला. तेरड्याचा रंग तीन दिवस, असें आपण म्हणतों. पण मोठीं झाडें वाढेपर्यंत मधल्या जागा त्या बिचाऱ्यानेंच राखल्या आणि तण माजूं दिलें नाहीं. वाढलेल्या झाडाचा विस्तार मनांत आणून अंतर सोडावें, आणि तें अंतर तोंवर अशा एका हंगामाच्या पाहुण्यांनीं भरावें, हा धडा मी तेव्हां शिकलों.

अशीं चार-पांच वर्षें गेलीं. एक कोपरा तेवढा उरला होता. तो सूनबाईनें मागून घेतला. तिचें माहेर रत्नागिरीकडचें. सन २०२२ च्या मे महिन्यांत ती माहेराहून परत आली, ती आईनें दिलेले भुईचाफ्याचे नऊ गड्डे घेऊन. आमची मुलगी तेव्हां कोल्हापुराहून सुटीसाठीं आलेली होती. सूनबाईनें तीन गड्डे आपल्या नणंदेला दिले. मला तें रुचलें नाहीं. मी म्हणालों, "आधीं आपली जागा भरूं दे, मग दानधर्म कर." ती नुसती हंसली, आणि गड्डे तिनें दिलेच.

पावसाळ्यांत त्या कोपऱ्यांत रुंद, चितकबरीं पानें डोललीं. कार्तिकांत सूनबाईची आई अकस्मात् वारली. त्याच सुमारास पानें पिवळीं पडून हळूहळू नाहींशीं झालीं. पौषांत मला शेवंतीचे नवे फुटवे लावण्यास जागा हवी होती. कोपरा उघडा दिसला. झाड मेलें असा निकाल देऊन मीं कुदळ घातली. आल्याच्या तुकड्यांसारखें कांहीं निघालें, आणि त्याला लोंबणाऱ्या बारीक गांठी. लव्हाळ्याच्या असतील म्हणून त्या वेंचून घंटागाडींत टाकल्या. अमरकोशांतील वनौषधिवर्ग लहानपणीं मुखोद्गत केलेला मी. पण हातांतला कंद मला ओळखतां आला नाहीं.

चैत्रांत सूनबाई रोज सकाळीं त्या कोपऱ्याशीं वांकून कांहीं पाहूं लागली. मीं विचारलें तेव्हां म्हणाली, "मामंजी, भुईचाफा अजून वर आला नाहीं. आईकडे याच दिवसांत नुसतीं फुलें जमिनींतून येत; पानें मागाहून फुटत. शेवंतीच्या कडेनें तरी येईल असें वाटलें होतें."

माझ्या पोटांत धस्स झालें. आणि वाचकहो, मी खोटें बोललों. "थंडीनें कुजला असेल," असें म्हणून मी आंत गेलों. चाळीस वर्षें मुलांना सत्याचा पाठ देणाऱ्या माणसाचें हें उत्तर! तीन दिवस ती तशीच वांकून पाहत राहिली. चौथ्या दिवशीं मला तें पाहवेना. मीं तिला सर्व सांगितलें. "असूं द्या, मामंजी," एवढेंच ती बोलली. त्या रात्रीं ती जेवली नाहीं, हें मागून मला कुटुंबाकडून कळलें.

दुसऱ्या दिवशीं मीं कोल्हापुरास फोन केला. मुलगी म्हणाली, "बाबा, तिन्ही गड्डे लागले आहेत. आतांच दोन फुलें येऊन गेलीं." ज्या दानाला मीं नाक मुरडलें होतें, त्यानेंच तें झाड राखलें होतें. आमच्या कोपऱ्यांत सहाच्या सहा गड्डे ठेवण्याऐवजीं नऊहि ठेवले असते, तर नऊहि घंटागाडींत गेले असते. मे महिन्यांत मुलगी दोन गड्डे वर्तमानपत्रांत गुंडाळून घेऊन आली. मीं शेवंती हलविली. गड्डे मात्र सूनबाईच्याच हातून लावविले.

सन २०२४ च्या वैशाखांत एका सकाळीं तिची हांक आली, "मामंजी, बाहेर या पाहूं." उघड्या मातींतून, पानाचा मागमूस नसतां, पांढरें फूल वर आलें होतें, एका पाकळीवर जांभळी छटा, आणि वास पाहावयाचा तर गुडघे टेंकावे लागतील इतकें जमिनीलगत. मी गुडघे टेंकले. पहिलें फूल तिनें आईच्या तसबिरीपुढें ठेवलें, दुसरें देवापुढें.

आज वाफा भरलेला आहे. शंभर रुपयांपैकीं बहुतेक महिन्यांत कांहींच खर्च होत नाहीं. घरीं आलेल्या मनुष्यास काडी, कांदा किंवा मूठभर बीं दिल्यावांचून आम्ही जाऊं देत नाहीं. आपल्याकडचें गेलें तर मागावयास घरें असावींत. जमिनींत निजणाऱ्या प्रत्येक कंदापाशीं नांव लिहिलेली एक काठी उभी आहे. आणि रिकामी दिसणारी जागा खणण्यापूर्वीं मी आतां आधीं घरांत विचारतों.