नदीबरोबर खाली आलेली भाषा

बराक नदी मणिपूरच्या डोंगरात उगम पावते, दऱ्याखोऱ्यांतून वळसे घेत आसामच्या काछार जिल्ह्यात सपाटीला उतरते आणि सिलचर शहराला विळखा घालून पुढे जाते. बांगलादेशच्या सीमेवर तिचे सुरमा आणि कुशियारा असे दोन फाटे होतात आणि ते सिलहटच्या सखल मुलखात शिरतात. या नदीच्या खोऱ्यात मणिपूरची भाषाही डोंगर उतरून आली आणि भातशेतीच्या कडेने मुळे धरून राहिली. तिला मैतेई म्हणतात, सरकारी कागदावर मणिपुरी.

सिलचरहून पूर्वेला लखीपूरच्या वाटेला लागले की दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात. मधूनच टेकाडांवर चहाचे मळे दिसतात. गावे बहुतेक बंगाली बोलणारी. पण एखाद्या वळणावर गावाचा रंग पालटतो. घरापुढे सारवलेले स्वच्छ अंगण, अंगणात तुळस, जवळच लहानसे तळे, मागे बांबूचे बेट आणि पडवीत हातमाग. बायकांच्या कमरेला आडव्या पट्ट्यांचे, लुंगीसारखे गुंडाळलेले वस्त्र, त्याला फनेक म्हणतात. अंगावर पातळ ओढणी, ती इन्नफी. वस्तीच्या मध्यावर चारी बाजूंनी मोकळा, पत्र्याच्या छपराचा मंडप. आपल्याकडच्या गावातल्या देवळापुढच्या सभामंडपाची आठवण व्हावी असा. तेथे कीर्तन होते, रास होतो, लग्नेही लागतात. हे मैतेई गाव.

ही माणसे येथे हौसेने आली नाहीत. १८१९ साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने मणिपूर घेतले आणि १८२६ पर्यंत तेथे धुमाकूळ घातला. मैतेई माणसे त्या काळाला ‘चही तरेत खुन्ताक्पा’ म्हणतात. चही म्हणजे वर्ष, तरेत म्हणजे सात. सात वर्षांचा सत्यानाश. गावेच्या गावे ओस पडली. ज्यांना पळता आले ते डोंगर ओलांडून काछारात, सिलहटात, त्रिपुरेत उतरले. राजघराण्यातला गंभीरसिंह काछारातच होता. तेथल्या निर्वासित मणिपुरींतून १८२५ साली त्याने फौज उभारली आणि इंग्रजांच्या मदतीने मुलूख सोडवला. १८२६ च्या यांदाबोच्या तहाने लढाई संपली. तोवर अनेकांनी काछारात जंगल तोडून खाचरे बांधली होती. पेरलेले शेत सोडून कोण परत जाणार? ते तेथेच राहिले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांची ही गावे आहेत.

याच काछारातल्या मणिपुरींचा ‘सगोल काङजै’ हा घोड्यावरून चेंडू मारण्याचा खेळ इंग्रज मळेवाल्यांनी पाहिला आणि उचलला. १८५९ साली सिलचरला त्यांनी त्याचा क्लब काढला. आज जगभर श्रीमंत लोक खेळतात तो पोलो म्हणजे हाच. खेळ जगभर गेला, खेळणाऱ्यांचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही.

आता भाषेकडे वळू. मैतेई ही आपल्या मराठीच्या कुळातली नव्हे, बंगालीच्याही नव्हे. तिची भावंडे तिबेट-ब्रह्मदेशाकडची. तरी क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून आपल्या कानाला तिची चाल अगदीच परकी वाटत नाही. शिजलेल्या भाताला चाक, तांदळाला चेंग आणि साळीला फौ. भाताच्या शेताला लौ म्हणतात, माणसाला मी, आणि लौमी म्हणजे शेतकरी. पाण्याला इशिंग, घराला युम. एक गंमत तर ध्यानात राहण्यासारखी आहे. नुसते ‘आई’ म्हणता येत नाही, कुणाची आई ते शब्दातच सांगावे लागते. इमा म्हणजे माझी आई, नमा म्हणजे तुझी आई आणि मामा म्हणजे त्याची आई! आपल्या मुलखातला माणूस तेथे गेला तर मामाला भेटायला निघेल आणि भलत्याच घरी पोचेल. थोरल्या बहिणीला इचे म्हणतात, अनोळखी तरुण बाईलाही याच नावाने हाक मारली तर ती आपुलकीने वळून पाहते.

२०११ च्या जनगणनेत ही भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे भारतात सुमारे १७ लाख ६० हजार होते. त्यांतले १५ लाखांवर मणिपुरात. आसामात सुमारे १ लाख ६८ हजार आणि त्रिपुरात २४ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढीच आसामातली वस्ती, तीही तुकड्यातुकड्यांनी. दोनशे वर्षे चहूकडून बंगाली, वरून आसामी, बाजारात हिंदी, आणि तरी घरात मैतेई टिकली. हे कसे झाले?

मला वाटते, याचे उत्तर जिथे ती टिकली नाही तिथे पाहिले की मिळते. बांगलादेशाच्या राजधानीत, ढाक्यात, मणिपुरीपाडा नावाची वस्ती आहे. मणिपुरी लोक तेथे राहत म्हणून हे नाव. आज नाव आहे, पाड्यात भाषा नाही. ब्रह्मदेशच्या राजांनी मणिपुरातून धरून नेलेले विणकर आणि घोडेस्वार मंडाल्याजवळच्या अमरपुरासारख्या ठिकाणी वसवले गेले. अमरपुराच्या नागमोडी लाटांच्या रेशमी वस्त्रात त्यांचा हात आहे असे सांगतात. त्यांच्या वंशजांची बोली आता ब्रह्मी झाली. शहरात गेलेला, राजाच्या चाकरीत विखुरलेला माणूस दोन-तीन पिढ्यांत बाजाराची भाषा घेतो. काछारात मात्र शेताला शेत लागून होते, घराला घर लागून होते. पेरणी-कापणीला शेजारचा हात लागे आणि शेजारी आपल्याच बोलीचा असे. आई मागावर बसून मुलीला उलट-सुलट धागा शिकवी ते मैतेईतच. शिवाय मंडप होता, म्हणजे सगळ्यांना महिन्यातून चार वेळा एकत्र बसावे लागे. भाषा पाठशाळेने राखली नाही, ती बांधाने आणि मागाने राखली.

सिलहटकडचेही असेच. बांगलादेशाच्या मौलवीबाजार जिल्ह्यात कमलगंज नावाचा भाग आहे. तेथल्या भानुबिल गावच्या मणिपुरी कुळांनी १९३० नंतरच्या काळात वाढीव सारा आणि बेदखली यांविरुद्ध जमीनदाराशी झुंज घेतली. जमीनदाराने हत्ती लावून घरे पाडली असे तेथले लोक सांगतात. जमिनीला इतके चिकटून राहिलेले लोक भाषेलाही चिकटून राहिले, यात नवल काय? सिलहट शहरातल्याच माछिमपूर या मणिपुरी वस्तीत १९१९ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी मणिपुरी नाच पाहिला आणि पुढे तो शांतिनिकेतनात शिकवायला नेला. साऱ्या देशाला मणिपुरी नृत्य ठाऊक झाले ते असे, मणिपुराबाहेरच्या मणिपुरींमुळे.

येथे वाचकांचा एक घोटाळा होईल, तो आधीच दूर करतो. या भागात स्वतःला मणिपुरी म्हणवणारे दोन समाज आहेत. एकाची बोली मैतेई. दुसऱ्याची विष्णुप्रिया, आणि ती बंगाली-आसामीच्या जवळची आहे. दोघांचा पेहराव सारखा, रास सारखा, आडनावे सारखीच, पुरुष सिंह किंवा सिन्हा आणि बायका देवी किंवा सिन्हा. नावावरून कुणालाच ओळखता येत नाही. मणिपुरी हे नाव कुणाचे यावर दोघांत जुना वाद आहे, पाहुण्याने त्यात पडू नये हे बरे. एवढे मात्र सांगायला हवे की या खोऱ्यात भाषा हा पोरखेळ नाही. १९ मे १९६१ रोजी बंगालीला स्थान मिळावे म्हणून सत्याग्रह करणारी अकरा माणसे सिलचरच्या रेल्वे स्टेशनात गोळीबारात मेली. १६ मार्च १९९६ रोजी कलकलीघाट येथे विष्णुप्रियेच्या आंदोलनात सुदेष्णा सिन्हा ही तरुणी गोळी लागून गेली. बंगाली बोलणारे आसामात अल्पसंख्य, आणि मैतेई त्या बंगाल्यांमध्येही अल्पसंख्य. पिठाच्या गिरणीत दोन जात्यांमध्ये सापडावे तशी गत.

सरकारदरबारी मैतेईला हळूहळू मान मिळाला. १९७२ मध्ये साहित्य अकादमीने तिला मान्यता दिली. १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत ती आली. त्याच दुरुस्तीने आपली कोकणी आणि नेपाळीही त्या यादीत आल्या, तेव्हा गोव्याच्या वाचकांना ही भाषा एका पंगतीची म्हणायला हरकत नाही. आसाम सरकारने २०२४ मध्ये काछार, हैलाकांडी, करीमगंज आणि होजाई या चार जिल्ह्यांसाठी मणिपुरीला सहयोगी राजभाषा ठरवले. त्याच वर्षी करीमगंजचे नाव श्रीभूमी झाले. सिलचरच्या आसाम विद्यापीठात मणिपुरीचा विभाग आहे.

मग चिंता कसली? चिंता अक्षरांची आहे, आणि ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते.

मैतेईची स्वतःची जुनी लिपी होती, मैतेई मयेक. तिच्या अक्षरांची नावे माणसाच्या शरीरावरून आहेत. कोक म्हणजे डोके, सम म्हणजे केस, लाइ म्हणजे कपाळ, मित म्हणजे डोळा. पोराला अक्षर शिकवताना त्याच्याच अंगावर बोट ठेवावे. अठराव्या शतकात राजा पामहैबाने वैष्णव धर्म राजधर्म केला, तेव्हापासून बंगाली लिपी आली आणि मयेक मागे पडली. काछारात पळून आलेली माणसेही पुढे बंगाली लिपीतच लिहू लागली, आणि आजूबाजूला बंगालीच असल्याने ती त्यांना सोयीची पडली. इकडे मणिपुरात मयेक परत आणण्याची मागणी जोर धरत गेली. २००५-०६ च्या सुमारास शाळांतून ती इयत्तेमागून इयत्ता शिकवायला सुरुवात झाली. जानेवारी २०२३ पासून इंफाळची वर्तमानपत्रेही त्याच लिपीत निघू लागली.

मणिपुरींच्या दृष्टीने हे आपले गेलेले धन परत मिळवणेच होते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण बराकच्या काठी राहणाऱ्याचे काय झाले पाहा. इंफाळहून आलेले पुस्तक आता तो वाचू शकत नाही. बोललेले सगळे कळते, छापलेले काही कळत नाही. आपल्याकडे घरातल्या पेटीत आजोबांचे मोडीतले खरेदीखत निघते, जमीन आपली, सही आजोबांची, आणि नातवाला एक अक्षर लागत नाही, तशातलीच ही गोष्ट. फरक एवढाच की तेथे हे अंतर आजोबा-नातवाचे नसून एकाच वयाच्या दोन चुलत भावांचे आहे. एक इंफाळला शिकला, दुसरा लखीपूरला.

एका गावात मागावर बसलेल्या म्हातारीशी तिच्या नातवाने दुभाषा होऊन माझे बोलणे करून दिले. नातू सिलचरला कॉलेजात जातो. मयेक शिकायची तर सायंकाळी वेगळी शिकवणी करावी लागते, आणि नोकरीच्या परीक्षेला तिचा काय उपयोग, असे तो म्हणाला. आजीने धागा तोडला, गाठ मारली आणि काहीतरी पुटपुटली. मी विचारल्यावर नातू हसून म्हणाला, “ती म्हणते, मला कुठलीच लिपी येत नाही, माझे काय अडले?” आजीचे अडले नाही हे खरेच. नातवाच्या मुलांचे अडेल, कारण त्यांच्या हाती खाचर किती राहील आणि माग किती, हे कुणी सांगावे. शेत तुटत चालले आहे, पोरे गुवाहाटी-बंगळूरकडे निघाली आहेत. २०२२ च्या जून महिन्यात बराकला पूर येऊन सिलचर शहर कित्येक दिवस पाण्यात होते, तेव्हा शेतीचाही भरवसा कुणी धरत नाही.

त्यात मायभूमीच धड राहिली नाही. मे २०२३ पासून मणिपुरात मैतेई आणि कुकी यांच्यात हिंसाचार उसळला. जून २०२४ मध्ये त्याची झळ काछारला लागून असलेल्या जिरीबामपर्यंत पोचली आणि कुटुंबे पोराबाळांसह काछारकडे आली. आली ती दोन्हीकडची. दोनशे वर्षांपूर्वी जी वाट पायाखाली घातली तीच पुन्हा.

कुणाला जायचे असेल तर गुवाहाटीहून सिलचरला रेल्वे आहे. २०१५ पासून रुंद मार्ग झाला, हाफलांगच्या डोंगरातून गाडी बोगद्यांमागून बोगदे ओलांडत येते, हा प्रवास दिवसा करावा. कार्तिकी पौर्णिमेला गेलात तर मंडपात रात्रभर रास चालतो. बांगलादेशात कमलगंजजवळ माधवपूर आणि आदमपूर येथेही त्याच रात्री मोठी रासयात्रा भरते, पण त्यासाठी व्हिसा लागतो. मंडपात शिरण्यापूर्वी चपला बाहेर काढाव्यात, हे आपल्याला सांगायला नको. गावात कुणी “चाक चारब्रा?” म्हणाले तर ते ‘जेवलात का?’ असे विचारत आहेत. जेवण झाले असेल तर “चारे” म्हणावे. झाले नसेल तर “चाद्रि”, आणि मग भाताबरोबर इरोम्बा येईल. उकडलेल्या भाज्या, मिरची आणि मुरवलेली मासळी एकत्र कुस्करून तो करतात. वास उग्र असतो. पहिला घास बेताचा घ्यावा, दुसरा आपोआप मोठा होतो.