कुवेतच्या रेतीतली फुलं

कुवेतमध्ये मी रानफुलांचे फोटो काढायला जाते, असं गावी सांगितलं की लोकांना ती थट्टाच वाटते. आमच्या रत्नागिरीकडे ज्या घरातलं कुणीच कधी आखातात गेलं नाही असं मोहल्ल्यातलं घर शोधावं लागेल. कुवेत म्हणजे ऊन, धूळ, कंपनीचा कॅम्प, महिन्याचा ड्राफ्ट आणि दोन वर्षांनी मिळणारी सुट्टी, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्यात फूल कुठून आलं? २०१३ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इथे आले. पहिले काही महिने फरवानियातल्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून मलाही पिवळट आकाशाखेरीज काही दिसलं नव्हतं.

इथे वर्षभरात सरासरी जेमतेम ११०-१२० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे जुलैत कधी कधी एवढा एका दिवसात पडून जातो आणि माणसं छत्री झटकून कामाला लागतात. पण वाळवंटात पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला याला जास्त किंमत आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे सुमारे पन्नास दिवसांच्या काळाला अरब लोक 'वस्म' म्हणतात. वस्मात दोन-तीन चांगल्या सरी आल्या की जुनी माणसं खूश होतात. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये रान हिरवं होतं आणि 'फगा' म्हणजे वाळवंटातली भूछत्रं मिळतात. बटाट्यासारखी दिसणारी, जमिनीखाली वाढणारी ही फगा मोठ्या भावाने विकली जातात. हदीसमध्ये 'मन्न'शी जिचं नातं सांगितलं आहे ती 'कमअ' ती हीच.

बियांचा हिशेब तर आपल्या बायकांच्या डब्यातल्या चोरपैशांसारखा आहे, सगळा एकदम बाहेर काढायचा नाही. रेतीत पडलेलं बी वर्षानुवर्षं तसंच राहतं. काही बियांच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात. ती धुऊन जाण्याइतका पाऊस झाला तरच कोंब फुटतो. नुसत्या शिंतोड्याला बी फसत नाही. आणि चांगला पाऊस झाला तरी सगळ्या बिया एकाच वर्षी उगवत नाहीत, थोड्या पुढच्यासाठी राखून राहतात. मेलेली जमीन पावसाने जिवंत होते, हा दाखला कुरआनात पुन्हा पुन्हा येतो. कोकणात वाढलेल्या मला तो अर्थाने कळत होता, कारण आमची जमीन कधी पुरती मरतच नाही. इथे तो डोळ्यांनी पाहिला.

आम्ही बहुधा शुक्रवारी फजरच्या नमाजनंतर निघतो. पूर्वी जहरा आणि मुतला असा वळसा घालून सुबियाच्या बाजूला जावं लागायचं. २०१९ मध्ये शेख जाबिर पूल सुरू झाल्यापासून खाडीवरून सरळ जाता येतं. सूर्य वर येऊन तासभर झाला की उजेड पांढरा पडतो आणि वाराही उठतो, त्यामुळे खरं काम त्या पहिल्या तासातच होतं. फुलं नखाएवढी, देठ दोऱ्यासारखे. जरा वारा आला की चित्र हललंच. मी जाजमाचा एक जुना तुकडा नेते, त्यावर गुडघे टेकून किंवा सरळ पालथं पडून फोटो घेते. तीन पायांचा स्टँड इथे माझ्या काही उपयोगाचा ठरला नाही, कारण फूल त्याच्याही खाली असतं. लेन्स उघड्यावर बदलायची नाही, बारीक धूळ कॅमेऱ्यात शिरली की ती काढायला दुकानदार डोळे पांढरे होतील इतके दिनार मागतो. आणि मोबाइलला कमी लेखू नका. माझे निम्मे चांगले फोटो मोबाइलचे आहेत, कारण तो पार जमिनीला टेकवता येतो.

काही गोष्टी मात्र कॅमेऱ्याच्या आधी शिकायच्या. गाडी आधीच्या चाकोरीबाहेर न्यायची नाही. तेलाच्या जागा, लष्कराची ठाणी, लोकांचे तंबू यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. आणि रेतीत अर्धवट बुजलेली धातूची वस्तू दिसली तर तिला हात लावायचा नाही. १९९१ च्या युद्धातला दारूगोळा अजूनही कुठे कुठे सापडतो. मुलं बरोबर असली की हे मी गाडीतून उतरण्यापूर्वी त्यांच्याकडून वदवून घेते.

इंटरनेटवर वाळवंटी वसंताचे जे फोटो फिरतात त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे. जमिनीलगत लांब पल्ल्याची लेन्स धरली की हातभर अंतरावर उगवलेली फुलं एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि गालिचा अंथरल्याचा भास होतो. वरून रंग भडक करायचे की झालं काश्मीर! चांगल्या वर्षी काही ठिकाणी खरोखर गालिचा असतो, नाही असं नाही. सौदीच्या उत्तर भागात खुजामाची जांभळी मैदानं लोक गाड्या भरभरून पाहायला जातात. सौदी सरकारने परदेशी पाहुण्यांसाठी अंथरायचा लाल गालिचा २०२१ मध्ये बदलून जांभळा केला, तो वसंतातल्या याच रानफुलांच्या रंगावरून. पण बहुतेक वर्षी आमच्या बाजूला फूल विरळ असतं. रेती, खडे, एक फूल, पुन्हा रेती. मला तो विरळपणाच फोटोत हवा असतो. म्हणून प्रत्येक जागेचे मी दोन फोटो घेते, एक गुडघ्यावर बसून फुलाचा आणि एक उभं राहून, माणसाला जसं दिसतं तसा. दुसऱ्यात टायरचे वळ, प्लास्टिकची पिशवी, मेंढ्यांच्या लेंड्या सगळं येतं.

या खुजामाचं शास्त्रीय नाव हॉरवूडिया डिक्सोनी. त्यातलं 'डिक्सोनी' हे व्हायोलेट डिक्सन या बाईंच्या आठवणीचं आहे. त्यांचे पती ब्रिटिश राजकीय प्रतिनिधी होते, दोघं १९२९ मध्ये कुवेतला आले. बाई बदाऊनींच्या तंबूत उठत-बसत, अरबी बोलत. लोक त्यांना 'उम्म सऊद' म्हणत. रानातून आणलेल्या वनस्पती दाबून, वाळवून त्या लंडनच्या क्यू उद्यानात पाठवत. कुवेत आणि बहरीनच्या रानफुलांवरचं त्यांचं पुस्तक १९५५ मध्ये निघालं. १९५९ मध्ये पती वारले, तरी त्या इथेच राहिल्या. समुद्राकाठचं त्यांचं घर आता लोकांना पाहायला खुलं आहे. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा नव्वदी गाठलेल्या या बाईंनाही देश सोडावा लागला आणि जानेवारी १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा अंत झाला.

त्याच १९९० मध्ये माझे अब्बाही एका पिशवीनिशी कुवेतहून निघाले होते. बसने बगदाद, तिथून जॉर्डनमधलं अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या वर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय असे परत आले, त्यातले ते एक. तेरा वर्षं त्यांनी एका ठेकेदाराचा पाण्याचा टँकर वाळवंटातल्या कामांवर नेला. त्या तेरा वर्षांचे आमच्या घरी फक्त चार फोटो होते आणि चारही फोटोत ते कुणा दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभे. वाळवंटाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "काय सांगायचं, रेती आहे." २०११ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्या विषयाकडे येण्यापूर्वी मरियम बुटीबद्दल सांगते, कारण वाचणाऱ्या कितीतरी बहिणींच्या कपाटात ती असेल. हज-उमऱ्याहून येणाऱ्या सामानात खजूर आणि जमजमबरोबर ही मुठीसारखी वाळकी गुंडाळी येते. बाळंतिणीच्या उशाशी ती पाण्यात ठेवायची आणि ती उघडत जाते तसं सुटका सोपी होते, असं आमची दाई म्हणायची. हीच वनस्पती मी इथे खडकाळ जमिनीवर जिवंत पाहिली. तळहाताएवढी, जमिनीला चिकटून पसरलेली, बारीक पांढऱ्या फुलांची. नजरेत भरेल असं तिच्यात काहीच नाही. पुढे ती वाळते, फांद्या आत वळतात आणि बिया मुठीत धरून राहतात. पाऊस पडला की मेलेली मूठ उघडते आणि बिया ओलीत पडतात. काडी पाणी पिऊन फुगते म्हणून हे घडतं, त्यासाठी झाड जिवंत असावं लागत नाही. तिची करामत एवढीच, आणि माझ्या मते ती पुरेशी आहे. ते पाणी बाळंतिणीला पाजण्याच्या भानगडीत मात्र पडू नका.

तर माझे फोटो मी अम्मीला व्हॉट्सॲपवर पाठवत असे. भाऊ तिला मोठे करून दाखवायचा. पहिली दोन वर्षं ती "छान" म्हणायची आणि विषय बदलायची. मग एका मार्चमध्ये मी पिवळ्या फुलांनी भरलेल्या एका ओहोळाचा फोटो पाठवला. पाऊस खरंच चांगला झाला होता. अम्मीचा फोन आला. म्हणाली, "एवढं सुंदर होतं, तर आम्हाला का नाही नेलं त्यांनी?"

माझ्याकडे उत्तर होतं. बायकामुलांचा व्हिसा मिळायला ठराविक पगार लागतो, अब्बांचा तेवढा नव्हता, आणि कॅम्पच्या खोलीत आठ माणसं राहायची. हे तिलाही माहीत होतं. तरी मी सांगितलं. ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे गो. मी ते नाही विचारत." तेरा वर्षं तिने त्या रेतीला दोष देऊन काढली होती. ते रूक्ष ठिकाण आहे, तिथे माणूस फक्त कमवायला जातो, हेच धरून तिने आम्हा तिघांना वाढवलं, सासूचं केलं, विहिरीचं पाणी ओढलं. माझ्या फोटोने तिच्या हातातली ती काठीच काढून घेतली.

नंतर मी तिला दुसऱ्या प्रकारचे, उभं राहून काढलेले फोटो पाठवू लागले. एका फोटोत राखीव क्षेत्राचं कुंपण मधोमध आहे. आतल्या बाजूला अर्फजची झुडपं, बाहेर सपाट नागडी रेती. एकच पाऊस, एकच माती. बाहेर नोव्हेंबर ते मार्च तंबूंचा हंगाम असतो, वाळूवर चारचाकी फटफट्या धावतात, मेंढ्या आणि उंट चरतात, आणि जमिनीला दम घ्यायला फुरसत मिळत नाही. अर्फज हे कुवेतचं राष्ट्रीय फूल आहे, पण ते पाहायचं तर कुंपणाआत डोकवावं लागतं. तंबूवाल्यांवर मी सरसकट रागावत नाही, शहरात कोंडलेल्या माणसाला चार दिवस मोकळं आकाश हवंच. राग येतो तो झुडपांवरून मौजेखातर गाडी घालणाऱ्यांचा.

अब्बांबरोबर काम केलेले केरळचे एक वयस्क गृहस्थ तेव्हा अजून इथेच होते. त्यांना मी अर्फजचा फोटो दाखवला. त्यांनी फुलाकडे पाहिलंसुद्धा नाही, बोट ठेवलं ते खालच्या वाळक्या काड्यांवर. म्हणाले, याच्यावर आम्ही चहा करायचो. तुझे अब्बा टँकर सावलीला लावून काड्या गोळा करायचे, ओल्या असल्या तरी पेटतात, वास चांगला येतो. हे मी अम्मीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फुलाचा नको. वाळलेल्याचा पाठव."

अर्फज फुलतो एप्रिल-मेच्या सुमारास, बाकीची फुलं करपल्यावर. त्याच्याही नंतर, जूनमध्ये, वाळलेल्या काड्यांसाठी मी एकदा भर उन्हात गेले. घरच्यांनी वेड्यात काढलं. सकाळी आठलाच कॅमेरा हाताला चटके देत होता. राखाडी झुडूप, खाली त्याचीच सावली, मागे काही नाही. अम्मीने भावाकडून त्याची प्रत काढून घेतली आणि ती अब्बांच्या पासपोर्टच्या डब्यात ठेवली. भिंतीवर लावूया म्हटलं तर म्हणते, भिंतीवर लावण्यासारखं त्यात काय आहे?

हल्ली रमजान फुलांच्या हंगामातच येतो, त्यामुळे रोज्याने पालथं पडून फोटो काढण्याची सवय झाली आहे. यंदा वस्मात पाऊस झाला तर नवरा मुलांना घेऊन मुतलाच्या कड्याखाली मरियम बुटी दाखवणार आहे. आयरिसच्या जातीचं एक निळं-जांभळं फूल तिकडेच आहे. ते दुपारनंतर उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं, म्हणून त्या दिवशी अस्रनंतर थांबावं लागेल आणि इफ्तारी गाडीतच न्यावी लागेल.