मंत्र, संज्ञा आणि विज्ञानकथा

परतूर तालुक्यातील आष्टी या माझ्या गावी विंचू उतरवणारे एक वृद्ध गृहस्थ होते. मंत्र दुसऱ्याला कळला की त्याची शक्ती जाते, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत. १९९०च्या सुमारास माझ्या धाकट्या चुलतभावाला विंचू चावला. ती रात्र त्या पुटपुटण्यात गेली. पहाटे तो गेला. पुढे मी विज्ञानकथेकडे वळलो तो इथे तरी शब्दाला जाब विचारता येईल, या आशेने.

आशा भाबडी होती. आर्थर सी. क्लार्क यांच्या ‘द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड’ (१९५३) या कथेत तिबेटी मठातले भिक्षू ईश्वराची सर्व नावे संगणकाकडून छापून घेतात. काम पुरे होताच आकाशातले तारे विझू लागतात. यंत्र नवे, पण नामाचे सामर्थ्य जुनेच.

मग विज्ञानकथेतील शब्द मंत्राहून वेगळा कसा? जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, ती आपली आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन रचलेल्या ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. नावाच्या वलयाविना कथा पारखली जावी, हा हेतू; तिला पहिले पारितोषिक मिळाले. शब्दाची जादू त्यांनी प्रथम स्वतःच्या नावापुरती नाकारली, असे मला वाटते.

‘कृष्णविवर’ हा शब्दही पाहावा. विवरातून पाताळाची वाट जाते, हा पुराणांचा संस्कार मराठी मनावर आहे; म्हणून तो आधी मंत्रासारखा भिडतो. परंतु ती संज्ञाही आहे. प्रकाशालाही निसटू न देणारे गुरुत्वाकर्षण, हे तिच्यामागचे विधान कोणालाही तपासता येते. मंत्र उघड झाला की निष्प्रभ होतो. संज्ञा उघड झाल्यावरच समर्थ होते. चांगली विज्ञानकथा वाचकाला मंत्राने ओढते आणि संज्ञेने जागे ठेवते.

हे वर्गात सांगताना मला एक शब्द आठवतो: प्राझोसिन. जालना जिल्ह्यातल्याच देहेड गावी जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर त्याचा उपयोग सिद्ध केला. कानाला तोही मंत्रच वाटतो. परंतु तो त्यांनी गुप्त ठेवला नाही, वैद्यकीय नियतकालिकांतून जगाला सांगितला. त्या रात्री तो छापलेला होता. आमच्या उंबरठ्यापर्यंत मात्र पोचला नव्हता.